आयत्या रंगाच्या अक्षता

"वैनी, ही पण गेली बघ."

शेवंता परसात उकिडवी बसली होती. तिच्या पुढ्यात आमची तुऱ्याची कोंबडी मान वाकडी करून पडली होती. सकाळपासूनची ही तिसरी. आधीच्या दोघी जरा तरी फडफडल्या, ही मात्र दारू प्यायलेल्या माणसासारखी झोकांड्या खात आली, भिंतीला धडकली आणि तिथंच बसली ती उठली नाही.

हनुमंताच्या, म्हणजे माझ्या थोरल्या लेकाच्या लग्नाचा मांडव अजून उतरला नव्हता. नवी सून इंदू चुलीपुढं भाकरी थापत होती. हातावरची हळद ताजी, बांगड्या कोपरापर्यंत. शेवंता ही माझी नणंद. लग्न होऊन वर्षाच्या आत कुंकू पुसून माहेरी आली, ती आमच्यातच राहिलेली. बोलणं कमी, काम डोंगराएवढं.

ओट्यावर केराकाकू बसल्या होत्या. माझ्या सासऱ्यांची चुलतभावजय. बाईच्या तोंडात दात नव्हते, पण चावायची मात्र अजून.

"आली आन् दारातलं जितराब गेलं," त्या म्हणाल्या. आवाज असा, की चुलीपर्यंत बरोबर पोचावा. "पाय बघून घेतला हुता का गं पोरीचा? का नुसतंच नाकडोळं बघितलं?"

भाकरीचा थापायचा आवाज थांबला.

मी म्हणाले, "काकू, तुमी ह्या घरात आलात तवा थोरल्या मामंजींचा घोडा मेला हुता म्हणं. मग तुमचा पाय कंच्या रंगाचा, ते सांगा आधी."

काकूंनी पदर झटकला आणि त्या उठून गेल्या. मला वाटलं, तोंड बंद केलं. पण असल्या बायांचं तोंड आपल्या दारात बंद केलं की ते गावात उघडतं. दुपारी पाण्याला गेले तर विहिरीवरच्या बाया माझ्याकडं बघून गप झाल्या. घरी आले तर इंदूची पाठराखीण म्हणून आलेली तिची आजी पदरात तोंड घालून रडत होती, आणि हनुमंता खांबाला टेकून नखं खात उभा.

"आई, तात्या म्हणत्यात हिला थोडं दिवस म्हायेरी धाडू. लोक इसरले की आणू परत."

"आन् लोक न्हाईच इसरले तर?"

त्यानं दुसरं नख तोंडात घातलं. त्याच्या बापाचाच मुलगा तो. बाईची जात एकदा असल्या कारणानं दाराबाहेर काढली की आत येत नाही, हे मला ठाऊक होतं. आत इंदू उभी होती. चेहरा पिठासारखा. ती मला म्हणाली, "आत्याबाई, मी काय केलं?"

मी तिला म्हणाले, "तू काय करतीस? तुला अजून आमच्या चुलीची फुंकणी कुठं असती ते ठावं न्हाई. जा, पाणी ठेव."

मग मी विळी घेतली आणि परसात गेले. मेलेली कोंबडी आमच्यात कुणी खात नाही. पण मला तिच्या पोटात काय आहे ते बघायचं होतं. जनावर मेलं तर ते काहीतरी खाऊन मरतं, कुणाचे पाय बघून मरत नाही. मी दुसरीपर्यंतच शाळा शिकले, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चिरली. आत दाणे तसेच होते. तांबडे. ज्वारीचे.

अक्षता.

आमच्या भागात तांदळाच्या अक्षता कुणी करत नाही. एवढा तांदूळ कुठनं आणायचा? ज्वारीच कुंकवात कालवायची, आणि मंगलाष्टकं म्हणताना तीच नवरानवरीच्या डोक्यावर टाकायची. मांडवभर ज्वारीचा सडा पडतो. कोंबड्या त्यात चरणारच. दर लग्नाला चरतात, आणि दर लग्नाला टुणटुणीत राहतात.

मी एक दाणा बोटात चुरडला. बोट तांबडं झालं. नाकाशी नेलं.

तो वास मला माहीत होता.

पेरणीला मीच तिफणीच्या मागं बी सोडायचं चाडं धरलं होतं. त्या साली शेतकीचा माणूस घरी आला आणि बियाणं देऊन गेला. काणी पडून कणसं काळी होतात ना, ती पडू नये म्हणून बियाला पाऱ्याचं औषध चोळलेलं. तांबडं भडक. म्हणाला, "बाई, हात धुवा, तोंडाला लावू नका. उरलं तर खड्ड्यात पुरा. धुऊनसुद्धा खाऊ नका. धुतल्यावर रंग जातो, इख जात न्हाई." मी त्याला म्हणाले होते, "एवढं इख हाय तर आणता कशाला?" तो म्हणाला, "पीक वाचतंय ना." चाड्यात मूठ सोडून सोडून माझे तळवे तांबडे झाले आणि पुढं त्यांची सालपटं निघाली. तो वास कितीतरी दिवस हाताला होता. लोखंडासारखा, आणि त्याच्या मागं काहीतरी कडू.

उरलेलं बी पुरायचं होतं. पण चांगलं बी मातीत घालायचं आमच्या मालकांच्या जिवावर आलं. पुढल्या साली पेरू, म्हणाले. पिशवीवर कवटीचं चित्र होतं. ती पिशवी उंदरांनी कुरतडली, तेव्हा त्यांनी ते बी तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि कोठीच्या खोलीत ठेवलं. डब्यावर चित्र कुठलं असणार? सूर्यफुलाचं.

मी कोठीत गेले. डबा होता. आत हात घातला. तळाला चार दाणे.

मागं वळले तर शेवंता दारात. तिनं डबा बघितला, माझं तोंड बघितलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. मी काही विचारलं नाही.  विचारायला वेळही नव्हता, कारण तेवढ्यात मला दुसरंच आठवलं होतं.

मांडवातली झाडून काढलेली ज्वारी साळूकडं गेली होती.

साळूबाई आमची सारवणारी. आमच्या गावात रीत अशी, की मांडवाखालची जमीन जी सारवील तिनं लग्नानंतर पडलेल्या अक्षता झाडून न्यायच्या. तो तिचा मान. साळूसारखं सारवण पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. तिच्या हाताचे पट्टे मोराच्या पिसाऱ्यासारखे एकात एक बसत. तिची लेक फुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट पार वर आलेलं.

मी डबा घेऊन बाहेर आले तर मालक समोर. सगळं सांगितलं. ते खाटेवर बसलेच.

"कुणाला बोललीस?"

"तुमालाच पयलं."

"मग आता कुणाला बोलू नगं. साळूला चांगली ज्वारी देऊन ती परत आण. गुपचूप पुरून टाकू. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर काय? पोराच्या डोक्यावर इख उधळलं म्हणतील. आपलं नाव ऱ्हाईल का?"

"आन् इंदू?"

"तिचं बघू म्होरं."

मला राग आला, पण त्यांचं म्हणणं मला अगदीच पटलं नाही असं नाही. नाव मलाही प्यारं होतं. गावात आमच्या घराकडं बोट दाखवून आजवर कुणी बोललं नव्हतं. म्हणून आधी मी तसंच केलं. मालदांडीची घमेलंभर ज्वारी घेतली, वर गुळाचा खडा ठेवला आणि साळूच्या दारी गेले.

साळू जात्यावर बसली होती. बाजूला सूप, सुपात ज्वारी. पांढरीशुभ्र. मला क्षणभर वाटलं, आपण चुकलो, ही वेगळीच आहे.

"या थोरल्या बाई," ती म्हणाली. ह्या गावात सून म्हणून आल्यापासून मी तिच्या दारी कधी गेले नव्हते. "आज दिस कुणीकडं उगवला?"

"साळू, मांडवातली ज्वारी कुठंय?"

"ही काय. सात पाणी दिलं तवा कुठं रंग गेला बया! कुंकू कसलं वापरलं वं, हात निसता तांबडा हुतोय."

"ती दे मला. ही घे तिच्याबदली. मालदांडी हाय, पिठाळ."

साळूनं जातं थांबवलं. घमेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"का? दिल्यालं परत मागाया आलाय?"

"परत न्हाई. बदलून."

"न्हाई बाई. ही अक्षताची ज्वारी हाय. फुलाला तिचीच भाकर करून घालतीया. अक्षताची भाकर खाल्ली की बाळंतीण सुखानं सुटती, माझी आई सांगायची. तुमच्या मालदांडीला त्याची सर न्हाई."

दाराआड फुला बसली होती. तिच्या हातात भाकरी होती, अर्धी खाल्लेली.

"फुले, ती टाक खाली."

"का म्हणून टाकील?" साळू उठलीच. "मान द्याचा हुता तवा दिला, आन् आता लेकीच्या तोंडातला घास काढाया आलाय व्हय? एवढं काय सोनं हाय त्यात? का सुनंचा पाय लागला म्हणून अक्षतासुदिक बाटल्या?"

शेजारच्या बाया दारात आल्या. मी बघितलं, त्यांत केराकाकूही होत्या. जिथं धूर निघतो तिथं ही बाई आधी हजर.

आता गुपचूप काही राहणार नव्हतं. एकदा फुलाच्या हाताकडं बघितलं. ती मला घाबरून घास पटापट गिळत होती, कुणी हिसकावून घ्यायच्या आत.

मी पुढं झाले आणि तिच्या हातावर फटका मारला. भाकरी मातीत पडली. साळू किंचाळली. मी तिच्याहून मोठ्यानं बोलले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"इख हाय त्यात! ऐका समद्याजणी. कुंकू न्हवं ते. पेरणीच्या बियाला लावत्यात ते पाऱ्याचं औषध हाय. आमच्या कोंबड्या त्यानंच मेल्या. माझ्या सुनंच्या पायानं न्हाई. धुतलं तरी जात न्हाई ते, रंगच निसता जातो. ज्येच्या घरात मांडवातला दाणा गेला आसंल त्येनं आत्ताच्या आत्ता मला आणून द्या."



मग साळू म्हणाली, हळूच, "तुमी आमाला इख दिलं?"



"अगं पण अक्षतात ते बी घातलं कुणी?" केराकाकू काठी टेकत पुढं आल्या. "डबा काय आपल्या पायानं चालत गेला? अक्षता भरल्या कुणाच्या हातानं, ते सांग की थोरले."

त्यांचे डोळे लुकलुकत होते. त्यांना वास आला होता. म्हातारीला विषाचा वास येत नव्हता, पण असला वास बरोबर यायचा.

मी माझे दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले.

"ह्या हातानं भरल्या. घाईत डबा बघितला न्हाई. जे बोलायचं ते मला बोला."

ते गावभर झालं. इंदूचे पाय त्याच संध्याकाळी स्वच्छ झाले, कारण लोकांना आता चघळायला माझे हात मिळाले. घराघरांतून थोडीथोडी ज्वारी आली. कुणी पोरांच्या खिशातून काढली, कुणी देवघरातून. साळूनं सूप माझ्यापुढं आदळलं आणि ती माझ्या अंगावर थुंकली. मी पुसलं नाही. गावाबाहेर खोल खड्डा घेऊन ते सगळं चुन्यासकट पुरलं. मालक माझ्याशी बोलले नाहीत. कितीतरी दिवस बोलले नाहीत.

दिवेलागणीला मी हात घासत बसले होते तेव्हा शेवंता जवळ आली.

"वैनी, खोटं का बोललीस?"

"गप."

"माझ्या हातनं झालं. तू मला म्हणालीस, शेवंते, अक्षताचं तेवढं बघ. तुला पाव्हण्यांची गडबड हुती."

म्हणाले होते खरी. सतराजणी सतरा गोष्टी विचारत होत्या, समोर ती दिसली, म्हणून टाकलं सांगून. अक्षता कालवायच्या म्हणजे कुंकवात हात घालायचा, आणि शेवंतानं कुंकवाला शिवायचं नसतं, एवढा विचार करायला मला सवड कुठं होती?

"मी कोठीत गेले," ती म्हणाली. "कुंकवाचा करंडा घेऊ का नगं, म्हणून उभी ऱ्हायले. कुणाला इचारावं तर बाया हसल्या असत्या. मग त्यो डबा दिसला. उघडला तर ज्वारी तांबडी. आयती रंगवल्याली." ती थांबली. "मला वाटलं, वैनीनं आधीच रंगवून ठेवली. माझा हात लागू नये, आन् मला लाजबी वाटू नये म्हणून. मी डबा घेऊन लई रडले त्या दिशी. म्हणलं, माझा एवढा इचार कुणी केला न्हवता."

मी हात घासत राहिले.

तिनं परत विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? रांडमुंडीचा हात लागला, म्हणून इपरीत झालं, असं म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. औषध ऱ्हायलं असतं बाजूला, आन् साळू लेकीला तीच भाकर घालत बसली असती. तुझ्यासाठी न्हाई बोलले मी. उगं गळ्यात पडू नगंस."

हे खरं होतं. निम्मं तरी.

साळू मेली नाही. पण महिनाभरानं तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग ओठांना. चालताना ती भिंत धरायला लागली. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेली, मीच बरोबर गेले. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अजून किती दिवस खाल्लं असतं?" मी म्हणाले, "संपंपर्यंत." त्यानं मान हलवली आणि कागद लिहायला घेतला. ती घरी आली, हिंडूफिरू लागली. पण सुईत दोरा तिला कधी ओवता आला नाही. आणि तिच्या सारवणाचे पट्टे, ते मोराच्या पिसाऱ्यासारखे पट्टे, वाकडेतिकडे पडायला लागले. मी तरी प्रत्येक कार्याला तिलाच बोलावलं. ती यायची. माझ्याशी बोलायची नाही. सारवून झालं की त्या वाकड्या पट्ट्यांकडं बघत उभी राहायची आणि मग माझ्याकडं बघायची.

फुलाला मुलगी झाली. सुखानं सुटली. पोरीनं मान उशिरा धरली, पावलं उशिरा टाकली. ते औषधानं, का तिच्या जातकुळीत तसंच, हे कुणी सांगू शकलं नाही. मी तिला कधी रस्त्यात पडलेली बघितली की माझी पावलं थांबतात. उठली की मी पुढं जाते. पुढं ते पाऱ्याचं औषध बंद झालं म्हणतात. झालं असेल.

मला मात्र आजही चार गावांत 'इखाच्या अक्षतावाली' म्हणून ओळखतात. म्हणू देत. इंदूला त्यानंतर पांढऱ्या पायाची कुणी म्हणालं नाही. आता तीच घर चालवते, आणि माझ्यावर ओरडते.

त्या लग्नानंतर काही वर्षांनी माझ्या धाकट्या लेकाचं लग्न निघालं. मांडव पडला, पाहुणे आले, बाया ओट्यावर जमल्या. केराकाकू तोवर खाटेला लागल्या होत्या, पण खाट उचलून मांडवात आणायला लावली त्यांनी. मी परात घेतली, पांढरी ज्वारी तीत ओतली, कुंकवाचा करंडा वर ठेवला आणि सगळ्यांच्या मधून जाऊन ती परात शेवंताच्या पुढ्यात ठेवली.

"कालव."

तिनं हात मागं घेतले. "वैनी, मी कुंकवाला…"

"आगं बाई," केराकाकू खाटेवरून म्हणाल्या, "हिला काय येड लागलंय? एकदा इपरीत झालं तेवढं बास न्हाई व्हय?"

"काकू, त्येच सांगते." मी बायांकडं वळले. "त्या खेपंला अक्षता मी न्हवत्या भरल्या. हिनं भरल्या. कुंकवाला हात लावायची हिला बंदी, म्हणून आयती तांबडी दिसली ती घेतली. हिचा हात कुंकवाला लागला न्हाई, म्हणून इख उधळलं. लागला असता तर काय झालं असतं? अक्षता झाल्या असत्या."

 कोपऱ्यात साळू शेणाचे हात तसेच धरून उभी होती. तिनं शेवंताकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"कालव गं," ती शेवंताला म्हणाली. "सारवण वाळत आलं, म्हूर्ताची घाई हाय."

शेवंतानं आधी ज्वारीची मूठ उचलली. नाकाशी नेली, वास घेतला. परत घेतला. मग करंडा उपडा केला आणि मनगटापर्यंत हात आत घातला.